पारवा : नव्या घोड्याच्या आगमनाच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर

आज घरातील सर्वांनी बसून शेतावर दुसरा घोडा आणण्याचा निर्णय पक्का केला आणि या कामाची नोंदवही लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. आमची घोडी मैना एकोणीस वर्षांची आहे. तिच्यासोबत अकरा वर्षे राहिलेला घोडा उन्हाळ्यात वारला आणि तेव्हापासून ती पागेत एकटीच आहे. बाबांच्या मते तिला सोबत हवी, आईच्या मते तिला आता निवांतपणा हवा, आणि माझे असे कोणतेच मत नव्हते. मत बनले ते तिच्या पायांवरच्या जखमांमुळे.

ऑगस्टपासून मैनेच्या पुढच्या दोन्ही पायांवर, खुराच्या वरच्या सांध्याच्या नेमक्या पुढल्या बाजूस, रुपयाएवढ्या गोल खरचटलेल्या जागा दिसत होत्या. मलम लावले की त्या सुकत आणि पुन्हा उघडत. आम्ही कुंपण तपासले, दावणीची फळी घासून गुळगुळीत केली, आणि तरीही कारण सापडले नाही. पशुवैद्यांनी तिला चालवून, सांधे वाकवून पाहिले आणि मग आम्हाला जे विचारले ते कोणाच्या डोक्यातही आले नव्हते : ही रात्री आडवी होते का? घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो, कारण त्याच्या पायांतील स्नायुबंध सांध्यांना जणू खीळ घालतात. परंतु गाढ झोपेचा जो टप्पा असतो, ज्यात सर्व स्नायू सैल पडतात, तो त्याला आडवे झाल्याशिवाय मिळत नाही. दिवसातून अर्धा ते एक तास एवढीच ही झोप लागते, पण ती लागतेच. पहारा देणारे कोणी जवळ नसेल तर काही घोडे आडवे व्हायला धजत नाहीत. मग उभ्याउभ्याच ती झोप येते, गुडघे दुमडतात, घोडा पुढे कोसळता कोसळता जागा होतो आणि जमिनीवर घासतो तो नेमका हाच भाग.

आम्ही ठाणात कॅमेरा लावला. सात रात्रींत मैना एकदाही आडवी झाली नाही; एकाच रात्री ती चार वेळा गुडघ्यांवर आली. या प्रकल्पाचे उद्दिष्ट म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मी एकच ओळ लिहिली आहे : मैनेला निजता आले पाहिजे.

१७ ऑक्टोबर

येणाऱ्या घोड्याला पहिले एकवीस दिवस वेगळे ठेवायचे आहे. त्यासाठी पागेपासून दूर असलेली जुनी अवजारांची खोली रिकामी केली. खोली साडेतीन मीटरहून थोडी जास्त लांब-रुंद आहे, म्हणजे मध्यम बांध्याच्या घोड्याला वळता आणि निजता येईल इतकी. दाराचा उंबरठा फोडून काढला, वरच्या बाजूला जाळीची मोठी खिडकी ठेवली, आणि जमिनीवर चुंबक फिरवला तेव्हा एका तासात मूठभर खिळे, दोन वॉशर आणि तारेचे असंख्य तुकडे निघाले. तीस वर्षे या खोलीत आम्ही अवजारे दुरुस्त केली आहेत, तेव्हा आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते, पण लाज वाटली.

बाहेरच्या लहान कुरणाला एका बाजूने काटेरी तार होती ती पूर्ण काढली. गाय तारेला टेकून थांबते. घोडा घाबरला तर आधी पळतो आणि तार त्याला पायात अडकल्यावरच कळते. तिच्या जागी लाकडी आडव्या दांड्या बसवल्या, वरची दांडी जमिनीपासून १.४ मीटरवर. कोपऱ्यावरची कण्हेर मुळासकट काढून न जाळता दूर पुरली, कारण तिचा धूरही विषारी असतो आणि वाळलेल्या पानांतही विष तसेच राहते. ते झुडूप आईने लावलेले होते, त्यामुळे या कामाला अर्धा दिवस जास्त लागला.

१९ ऑक्टोबर

धान्याच्या कोठीला कडी होती, आज कुलूप बसवले. घोड्याने रात्री कोठीत शिरून पोटभर धान्य खाल्ले तर त्याचे पाय कायमचे अधू होऊ शकतात, हे एक कारण. दुसरे कारण असे की गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते; ते गुरांना सोसते, पण घोड्याच्या हृदयाच्या स्नायूला ते अगदी थोड्या मात्रेतही मारक ठरते. गुरांचे खाद्य आता दुसऱ्या इमारतीत, वेगळ्या मापट्यासह ठेवले आहे.

२४ ऑक्टोबर

घोडा पाहिला. रंग पारव्याच्या पाठीसारखा, मानेवर गडद आणि पुठ्ठ्यांकडे फिकट होत गेलेला, म्हणून लेकीने तिथल्या तिथे त्याचे नाव पारवा ठेवले आणि मालकाने सांगितलेले नाव सगळेच विसरले. असे घोडे जन्मतः काळे किंवा तांबडे असतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात, ही गोष्ट तिला पटेना. खच्ची केलेला आहे, स्वभावाने शांत, आणि त्याच्या मागच्या पागेत तो चार घोड्यांत सर्वांत खालच्या पायरीवर होता. आमच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती, कारण मैनेला स्वतःचे म्हणणे चालवण्याची सवय आहे.

विक्रेत्याने वय नऊ सांगितले. पशुवैद्यांनी वरच्या कोपऱ्यातील दात पाहिला. त्या दातावर हिरडीपाशी साधारण दहाव्या वर्षी एक उभी खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत येते आणि विसाव्या वर्षी टोकाला पोहोचते. पारव्याच्या दातावर ती पाव लांबीपर्यंत उतरली आहे, म्हणजे वय बाराच्या आसपास. दातांवरून वय ओळखणे हा अंदाजच असतो, पण नऊ वर्षांच्या घोड्याच्या दातावर ती खाच सहसा दिसतच नाही. सोबतीसाठी घोडा हवा असताना तीन वर्षांनी आमचे काही बिघडत नाही. तरीही परत येताना मी ठरवले की यापुढे ऐकलेला कोणताही आकडा वहीत लिहायचा नाही, फक्त मोजलेला लिहायचा. हा निश्चय मी किती पाळला ते पुढे दिसेलच.

रक्ताचे नमुने ग्लँडर्ससाठी आणि घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठी, म्हणजे कॉगिन्स चाचणीसाठी, घेतले. पहिला रोग माणसालाही होतो आणि दुसऱ्यावर इलाज नाही, म्हणून अहवाल हाती आल्याशिवाय गाडी ठरवायची नाही. तो काय खातो, कधी खातो, चंदी किती, पाणी कशातून पितो, हे सर्व विचारायचे असे घरून लिहून नेले होते. पाण्याचा प्रश्न विचारायचा राहिला.

२ नोव्हेंबर

दोन्ही अहवाल निर्दोष आले.

५ नोव्हेंबर

पारवा आला. प्रवास साडेचार तासांचा होता आणि मध्ये एकदा गाडी थांबवून त्याचा दोर सैल केला, कारण डोके सतत वर बांधलेले राहिले तर श्वासनलिकेत गेलेली धूळ घोड्याला खाली मान घालून बाहेर टाकता येत नाही आणि प्रवासानंतर फुप्फुसांचा दाह होतो. त्याच्या नेहमीच्या गवताच्या चार गासड्या टपावर घातल्या होत्या. वाटेत पाऊस लागला.

गाडीचा उतरणीचा फळा टाकल्यावर तो चाळीस मिनिटे आतच उभा राहिला. त्याने फळ्यावर एक पाय ठेवला, आवाज ऐकला आणि पाय काढून घेतला. असे सहा वेळा. गाडीवानाला घाई होती आणि त्याने मागून हाकण्याची तयारी दाखवली. बाबांनी त्याला चहाला नेले आणि जाताना मला सांगितले, "दोर धर, पण ओढू नकोस. तू जमिनीकडे बघ, त्याच्याकडे नको." मी जमिनीकडे पाहत राहिलो. फळ्यावर सांडलेली काडे, त्यांतून धावणारी एक मुंगी, आणि कधीतरी माझ्या नजरेच्या कडेला एक राखी खूर येऊन टेकला, मग दुसरा. तो उतरला तेव्हा त्याच्या नाकपुड्या एवढ्या फुललेल्या होत्या की आतला गुलाबी भाग दिसत होता.

त्याच क्षणी पागेतून मैना खिंकाळली. ऑगस्टपासून तिचा आवाज आम्ही ऐकला नव्हता.

उतरल्यावरच्या नोंदी : नाडी ५२, श्वास २४, तापमान ३८.२. एका तासाने नाडी ४०, श्वास १४. विश्रांतीच्या वेळी मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सियस असते. नाडी जबड्याच्या हाडाखालून जाणाऱ्या धमनीवर बोटे ठेवून मोजतो. ती जागा सापडायला मला पंधरा मिनिटे लागली आणि लेकीला दोन.

६ नोव्हेंबर

विलगीकरणाचे नियम कागदावर लिहून दारावर लावले. पारव्याचा खरारा, बादली, दोर, फावडे, सारे वेगळे. आधी मैनेचे काम, शेवटी पारव्याचे, आणि मग हात व बूट धुऊनच घरात. तापमान सकाळ-संध्याकाळ मोजायचे. स्ट्रँगल्स या घशाच्या गाठींच्या रोगात ताप आधी चढतो आणि नाकातून जंतू बाहेर पडू लागायला त्यानंतर एक-दोन दिवस जातात, त्यामुळे तापमापीकडे लक्ष असेल तर रोग पसरण्याआधी हालचाल करता येते. घोडा दिसायला ठणठणीत असतानाही हे मोजायचे. दादाला हे अति वाटते, पण कागदावर त्यानेही सही केली.

रात्री पारवा निजला नाही. ते अपेक्षित होते.

८ नोव्हेंबर

आज फितीने वजन काढले. छातीचा घेर १७२ सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १६० सेंटिमीटर. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० केले की किलोग्रॅममध्ये वजन येते : ३९८. मी नजरेने ४५० धरले होते आणि त्यानुसार तीन दिवस रोज दहा किलो गवत टाकत होतो. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास कोरडा चारा पुरतो. गवतातील ओलावा धरून पारव्याला नऊ किलो बसते.

जास्त गवताने नुकसान झाले नसते, पण दुसरा हिशेबही नजरेचाच होता. त्याच्या ओळखीचे गवत पहिले तीन दिवस पूर्ण, नंतरचे सात दिवस रोज थोडे कमी करत आणि आमचे वाढवत, असा बेत होता आणि त्यासाठी गासडी पंधरा किलोची मानून साठ किलोची बेरीज मी केली होती. आज काट्यावर ठेवली तर गासडी अकरा किलोची भरली. चौथी गासडी पावसात भिजून आत बुरशीने करडी झालेली होती, ती टाकून द्यावी लागली, कारण बुरशीचे गवत घोड्याच्या पोटालाही वाईट आणि फुप्फुसांनाही. सकाळी हाताशी फक्त तीन किलो जुने गवत उरले होते. संध्याकाळपासून सर्व चारा नवा सुरू केला. चारा बदलायला आठ-दहा दिवस हवेत हे मला माहीत होते. गवताला काय होते, असेही मनात होते.

१० नोव्हेंबर

दुपारी शाळेतून आल्यावर लेकीने वही पाहिली आणि म्हणाली, "बाबा, आज लीद तीनच वेळा लिहिली आहे." आम्ही सकाळी आणि दुपारी ढीग मोजतो; इतर दिवशी तोवर सहा-सात झालेले असतात. मी खोलीकडे गेलो. पारवा गवतापाशी उभा होता पण खात नव्हता. त्याने वरचा ओठ दुमडून दात दाखवले, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहिले, पुढच्या पायाने दोनदा जमीन खरवडली आणि पुन्हा स्थिर उभा राहिला. हे सारे इतके हळू आणि सभ्यपणे चालले होते की वहीतला आकडा नसता तर तो कंटाळला आहे असे समजून मी परतलो असतो.

नाडी ४८. तापमान ३७.९. हिरडी बोटाने दाबून सोडली तर रंग दोन सेकंदांत परतत होता, हे चांगले. कुशीला कान लावला तर उजवीकडे अधूनमधून गुरगुर, डावीकडे जवळजवळ शांतता. निरोगी घोड्याचे पोट सतत बोलत असते. पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी गवत काढून घ्यायला, हळू चालवायला आणि आपल्या मनाने वेदनाशामक न द्यायला सांगितले, कारण वेदना दबली की पोटात काय चालले आहे ते त्यांना कळणार नाही.

ते सव्वाआठला पोहोचले. प्रथम नाकातून नळी जठरात घातली. हे पहिले काम का, ते त्यांनी सांगितले : घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला झडपेसारखा स्नायू एवढा घट्ट असतो की पोट फुगून फाटले तरी वर काही येत नाही, म्हणून आत पाणी तुंबले असेल तर ते नळीनेच काढावे लागते. तुंबलेले नव्हते. मग खांद्यापर्यंत मोजा चढवून गुदद्वारातून तपासले आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणावर, जिथे नळी अचानक अरुंद होऊन उलट फिरते, तिथे कणकेसारखा गोळा हाताला लागला. कोरड्या चाऱ्याचा अडकलेला बोळा. त्याच नळीने सहा लिटर पाणी क्षार मिसळून दिले, वेदनाशामक टोचले, आणि विचारले, "पाणी किती पितो?"

बादलीवर खुणा केलेल्या होत्या, आकडा वहीत होता, पण मी तो वाचला नव्हता : ९ नोव्हेंबर, नऊ लिटर. कोरडे गवत खाणाऱ्या एवढ्या घोड्याला किमान वीस लिटर तरी हवे. विक्रेत्याला फोन लावला. त्यांच्याकडे जमिनीवरचा उघडा हौद होता. आम्ही खोलीच्या कोपऱ्यात, छातीच्या उंचीवर, काळी खोल बादली टांगली होती. तिच्यात तोंड घातले की पारव्याला दोन्ही बाजूंना भिंत आणि मागे काहीच दिसत नसणार. घोड्याला कडेचे डोळे असल्याने जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते, आणि ज्या घोड्याला चार घोड्यांत शेवटी पाणी मिळत असे त्याला आंधळे होऊन पाणी पिणे जमले नाही. दादाने रात्री नऊ वाजता गुरांच्या गोठ्यामागचे पसरट टब घासून आणले आणि दाराजवळ जमिनीवर ठेवले. पारव्याने टबाभोवती एक फेरी मारली, पाण्यावर फुंकर घातली आणि पिऊ लागला. घोट गिळताना त्याचे कान पुढे-मागे होतात, तेव्हा घोट मोजता येतात. मी चोपन्नपर्यंत मोजले.

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी लीद झाली, कडक, चिकट पापुद्र्याने माखलेली. बाबा खुर्चीवर ब्लँकेट घेऊन बसले होते. ते उठले, कंदील जवळ नेला, नीट पाहिले, आणि निजायला गेले.

११ नोव्हेंबर

नाडी ३६. लीद चार वेळा. पाणी २६ लिटर. भिजवलेले गवत थोडेथोडे सहा वेळा.

दादा वही वाचून म्हणाला की आकडे आपण छान लिहितो, वाचत मात्र नाही. आजपासून संध्याकाळी सातला कोणीतरी एकाने दिवसाचे पान मोठ्याने वाचायचे असे ठरले. बहुधा हे काम आईकडे जाईल, कारण तिला अक्षर लागते आणि प्रश्न विचारण्याचा संकोच वाटत नाही.

१३ नोव्हेंबर

विक्रेत्याकडून जुन्या गवताच्या सहा गासड्या आणल्या, वजन करून. बदल पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. या वेळी चौदा दिवसांचा. घोड्याचा चारा खरे तर आतड्यातील सूक्ष्मजीव पचवतात, आणि नव्या चाऱ्याला साजेसे सूक्ष्मजीव वाढायला वेळ लागतो, त्यामुळे हा वेळ घोड्याचा नसून त्यांचा आहे.

काल रात्री पारवा प्रथमच आडवा झाला. सकाळी त्याच्या डाव्या कुशीला काड चिकटलेले होते आणि शेपटीतही. खरारा करताना लेकीने ते मुद्दाम तसेच ठेवले, आजोबांना दाखवण्यासाठी.

१५ नोव्हेंबर

लिदीच्या तपासणीचा अहवाल आला : एका ग्रॅममध्ये जंतांची ६५० अंडी. दोनशेच्या वर असेल तर साधारणपणे औषध देतात. मात्रा ३९८ किलोच्या वजनाला दिली. कमी मात्रेने जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. या बाबतीत वजन नजरेने धरणे दोन्हीकडून घातक असते. चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करायची.

१८ नोव्हेंबर

धनुर्वाताच्या लसीचा पहिला डोस दिला. पूर्वी दिल्याची कागदपत्रे नव्हती, तेव्हा दिलेलीच नाही असे धरले. घोडे या रोगाला फार लवकर बळी पडतात आणि त्याचे जंतू मातीतच असतात.

पारवा मोरखी घालू देतो, पण उजवा कान लागला की डोके वर झटकतो. पूर्वी तिथे कोणीतरी कान पिळून धरला असावा. ही माझी समजूत आहे, पुरावा नाही. उपाय म्हणून मोरखीचा डोक्यावरचा पट्टा उघडून मानेवरून घेतो आणि कानाला हातच लावत नाही. दिवसातून एकदा लेक मानेवरून हात सरकवत कानाच्या बुडापर्यंत नेते आणि तो हलण्याआधीच काढून घेते. तो हलल्यावर काढला तर हलण्याने हात जातो हे तो शिकेल. ही वेळ साधणे मला जमत नाही, तिला जमते.

याचे कारण शोधताना मला बर्लिनच्या हान्स या घोड्याची गोष्ट आठवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो टाप आपटून गणिते सोडवतो अशी ख्याती होती. १९०७ मध्ये ऑस्कर फंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही ते येत नाही. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले आणि घोडा तेवढ्यावर थांबे. हान्सला गणित येत नव्हते ही गोष्ट लोकांनी लक्षात ठेवली. माझ्या दृष्टीने त्याला जे येत होते ते अधिक अवघड होते. पारव्याच्या कानाकडे हात नेताना मी श्वास रोखतो, असे लेकीचे म्हणणे आहे.

२६ नोव्हेंबर

एकवीस दिवस पूर्ण. बेचाळीस वेळा मोजलेले तापमान एकदाही ३८.३ च्या वर गेले नाही, नाक कोरडे, जबड्याखाली गाठ नाही. पशुवैद्यांनी विलगीकरण उठवले.

मैना आणि पारवा यांना शेजारच्या कुरणांत, मधे दुहेरी कुंपण ठेवून सोडले. मैनेने मान कमानीसारखी वळवली, शेपूट उभारली आणि एकोणीस वर्षांच्या सांध्यांना न शोभणाऱ्या दुडक्या चालीने कुंपणापर्यंत आली. तीन मीटरच्या अंतरावरून दोघांनी एकमेकांचा वास घेतला. मग ती किंचाळली, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि पाठ फिरवून चरायला गेली. पारवा दिवसभर कुंपणाच्या त्याच जागी उभा राहिला.

२९ नोव्हेंबर

जंतांची अंडी ग्रॅममागे शून्य. मधले एक कुंपण काढले, आता नाकाला नाक लागते. मैना अजून किंचाळते, पण किंचाळून झाल्यावर निघून जात नाही.

२ डिसेंबर

नालबंद आले. पारव्याचे मागचे नाल काढून टाकले, म्हणजे एकत्र सोडल्यावर लाथ बसली तरी हाड वाचेल. खुरांची टोके लांब वाढलेली होती. ती एकदम न कापता सहा-सहा आठवड्यांनी तीन वेळांत आणायची आहेत.

४ डिसेंबर

सकाळी दहाला दोघांना मोठ्या कुरणात एकत्र सोडले. कोंडीत सापडेल असे कोपरे आधीच दांड्या तिरप्या लावून बंद केले होते, आणि गवताचे ढीग दोन घोड्यांसाठी तीन, एकमेकांपासून लांब ठेवले होते. एकाला हुसकावले तरी त्याला जायला तयार जागा असावी यासाठी ढीग नेहमी एक जास्त.

पहिल्या दहा मिनिटांत मैनेने त्याला कुरणाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या. कान मागे चपटे, मान जमिनीलगत. पारवा पळाला, वळला, पळाला, आणि एकदा उशीर केल्याबद्दल पुठ्ठ्यावर चावा खाल्ला. चार सेंटिमीटर लांब, केस गेले, कातडी फाटलेली नाही. आईने "सोडव त्यांना" असे दोनदा सांगितले. बाबांनी कुंपणावरचे हात काढले नाहीत. "ती त्याला हाकलत नाही, शिकवते आहे," ते म्हणाले, "हाकलायचे असते तर तो थांबल्यावर ती थांबली नसती." खरोखरच तो थांबला, त्याने डोके खाली घालून तोंड चावल्यासारखे हलवले, आणि मैना पंचवीस पावलांवर थांबून चरू लागली. पुढच्या तासाभरात ती त्याच्या ढिगावर गेली, तो दुसऱ्यावर. ती दुसऱ्यावर, तो तिसऱ्यावर.

पहिला आठवडा रात्री शेजारच्या ठाणांत, मधे दांड्यांची भिंत.

१२ डिसेंबर

अंतराचा तक्ता आई ठेवते. दर तासाला दोघांमधले अंतर पावलांत : चार तारखेला सरासरी चाळीस, काल सहा. आज दुपारी ते समोरासमोर उलट तोंडे करून उभे होते आणि एकमेकांच्या मानेच्या मुळाशी, पाठीच्या उंचवट्यापाशी, दातांनी खाजवत होते. त्याच जागी खाजवल्याने घोड्याचे हृदय मंदावते असे मोजून पाहिलेले आहे. संध्याकाळी मी पारव्याला तिथे बोटांनी दहा मिनिटे खाजवले : नाडी ४० वरून ३४. त्याने परतफेड म्हणून माझ्या खांद्याचे जाकीट चावले, तेव्हा प्रयोग आवरला.

१४ डिसेंबर

मधली भिंत काढली. दोघे एका मोठ्या ठाणात, दोन दारे उघडी, काड दुप्पट.

१९ डिसेंबर

१५ तारखेच्या रात्री पारवा निजला, मैना उभी. १६ ला तेच. १७ ला मैना दोनदा पुढचे पाय दुमडून खाली आली आणि दोन्ही वेळा उठली. मात्र ते कोसळणे नव्हते, आधी तिने काड पायाने उकरले होते.

काल रात्री १ वाजून ५२ मिनिटांनी ती बसली. २ वाजून ४ मिनिटांनी कुशीवर झाली, मान लांब, डोके काडात. पारवा दाराकडे तोंड करून तिच्यापासून दोन-अडीच मीटरवर उभा आहे. चित्रात त्याचा एक कान बाहेर वळलेला दिसतो. २ वाजून १७ मिनिटांनी मैनेचे पाय झोपेत पळाल्यासारखे हलू लागले. २ वाजून ३१ मिनिटांनी ती उठली, अंग झाडले, आणि पारवा तिथेच आडवा झाला.

सत्तावीस मिनिटे आडवी. सकाळी आईने वाचन संध्याकाळपर्यंत न थांबवता लगेच केले. मैनेच्या पायांवरच्या जखमांची रुंदी : उजवी ११ मिलिमीटर, डावी ९, दोन्हींवर खपली कोरडी, नव्याने उघडलेली नाही. ऑक्टोबरात त्या २५ आणि २३ होत्या.

२३ डिसेंबरला धनुर्वाताचा दुसरा डोस. टबाला तळाशी बारीक चीर गेली आहे, त्याआधी बदलायचा; नवा घेताना पसरट आणि फिकट रंगाचाच पाहायचा.